दिवस किती आणि दिवस कसे

पाथर्डी, जामखेड किंवा संगमनेर तालुक्यातला कॅन्सरचा रुग्ण लोणीला, पुण्याला किंवा थेट मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलात पोहोचतो, तेव्हा त्याला मिळणारा उपचार कुठल्या तरी चाचणीतून तावूनसुलाखून आलेला असतो. शेकडो रुग्णांची सोडत पद्धतीने दोन गटांत वाटणी होते. एका गटाला जुना उपचार मिळतो, दुसऱ्याला नवा, आणि मग कोण किती जगले, गाठ किती आटली, आजार किती महिन्यांनी उलटला हे मोजले जाते. ही मोजमापे आवश्यकच आहेत. पण ती पूर्ण झाल्यावरही एक प्रश्न शिल्लक राहतो. त्या महिन्यांत रुग्णाला जेवण जात होते का, झोप लागत होती का, अंगणापर्यंत तरी चालवत होते का, घरातल्यांवर आपण ओझे झालो असे त्याला वाटत होते का? नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या कुठल्याही दूध संकलन केंद्रावर लिटर मोजून काम भागत नाही, फॅटही पाहावे लागते आणि भाव दोन्हीवर ठरतो. कॅन्सरच्या उपचारांचा हिशेब मात्र फार वर्षे केवळ लिटरवर चालला. ‘जीवनमानाचे मोजमाप’ हे ज्याला म्हणतात, ते या दुसऱ्या आकड्याचे शास्त्र आहे. प्रस्तुत लेखनाची भूमिका अशी की, रुग्णाने स्वतः दिलेले उत्तर हा रक्ताच्या अहवालाइतकाच पुरावा आहे, तो त्याच काटेकोरपणे गोळा झाला पाहिजे, आणि आपल्यासारख्या ग्रामीण मुलखात तो कसा गोळा होतो यावरच त्याचे मोल ठरते.

या मोजमापाची सुरुवात डॉक्टरांच्या नजरेतून झाली. १९४८ मध्ये अमेरिकेत डेव्हिड कार्नोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोजपट्टी वापरात आणली. शंभर म्हणजे पूर्ण धडधाकट, शून्य म्हणजे मृत्यू, आणि मधल्या पायऱ्या दहा-दहाच्या. रुग्ण काम करू शकतो का, स्वतःचे स्वतः आवरू शकतो का, की अंथरुणाला खिळला आहे, हे पाहून डॉक्टर आकडा लिहीत. ही पट्टी आजही वापरतात आणि तिचा उपयोगही होतो. पण तीत रुग्ण बोलत नाही, त्याच्याकडे फक्त पाहिले जाते. रुग्णालाच विचारण्याची शिस्तबद्ध पद्धत बसायला पुढे चार दशके लागली. कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या युरोपातील ईओआरटीसी या संघटनेने १९९३ मध्ये तीस प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिचे नाव क्यूएलक्यू-सी३०. त्याच वर्षी अमेरिकेत डेव्हिड सेला यांची फॅक्ट ही प्रश्नावली आली. जगभरच्या कॅन्सर-चाचण्यांत आज मुख्यतः या दोनच कुळांतल्या प्रश्नावल्या दिसतात.

सी३० जवळून पाहण्यासारखी आहे. बहुतेक प्रश्न गेल्या आठवड्याबद्दल असतात आणि उत्तरे चारच: अजिबात नाही, थोडे, बरेच, खूप. चालणे, स्वतःचे आवरणे, रोजचे काम, थकवा, दुखणे, मळमळ, भूक, झोप, धाप, जुलाब, बद्धकोष्ठता, काळजी, चिडचिड, विसराळूपणा, घरच्यांशी आणि समाजाशी संबंध, पैशांची ओढाताण असे तिचे विषय आहेत. शेवटचे दोन प्रश्न एकूण तब्येत आणि एकूण जीवनमान यांबद्दल असून तिथे एक ते सात असे गुण द्यायचे असतात. उत्तरांचे पुढे काय होते ते दुखण्याच्या उदाहरणावरून कळेल. त्यासाठी दोन प्रश्न आहेत: दुखले का, आणि दुखण्यामुळे रोजच्या कामात अडथळा आला का. रुग्णाने पहिल्याला ‘थोडे’ आणि दुसऱ्याला ‘बरेच’ म्हटले, तर दोन आणि तीन यांची सरासरी अडीच येते. ती शून्य ते शंभरच्या पट्टीवर बसवली की पन्नास गुण होतात. दीड महिन्याने तेच उत्तर दोन्हीकडे ‘थोडे’ असे आले, तर गुण तेहतीसवर उतरतात. हा फरक रुग्णाला खरोखर जाणवतो की तो नुसता कागदावरचा, हेही तपासले गेले आहे. डेव्हिड ओसोबा यांनी १९९८ मध्ये रुग्णांच्याच सांगण्याशी पडताळून दाखवले की पाच ते दहा गुणांचा बदल ‘थोडासा’ वाटतो, दहा ते वीस गुणांचा ‘मध्यम’ आणि वीसच्या वरचा ‘खूपच’. म्हणजे या आकड्यामागे माणसाची जाणीव बांधलेली आहे.

तरीही पहिला आक्षेप हाच असतो की ही सारी मनाची बाब झाली. आज बरे वाटले, उद्या नाही. त्यावर औषधाचा निवाडा कसा करायचा? आक्षेप वरवरचा नाही. पण तो घेणारे एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेली त्रासाची नोंद वस्तुनिष्ठ असते. मळमळ, थकवा, भूक मरणे या गोष्टी कुठल्याही यंत्रात दिसत नाहीत. डॉक्टर त्या रुग्णाच्या तोंडूनच ऐकतात, आपल्या समजुतीप्रमाणे त्यांची श्रेणी ठरवतात आणि लिहितात. म्हणजे ती नोंदही मतच आहे, फक्त एका माणसाच्या अंतरावरचे. इटलीतल्या तीन चाचण्यांमधील हजारावर रुग्णांच्या नोंदी २०१५ मध्ये ताडून पाहिल्या गेल्या. एकीकडे रुग्णांनी प्रश्नावलीत लिहिलेले, दुसरीकडे त्याच काळात डॉक्टरांनी लिहिलेले. तपासलेल्या सहा त्रासांपैकी प्रत्येकात, ज्या रुग्णांनी तो त्रास सांगितला होता त्यांपैकी किमान चाळीस टक्क्यांच्या बाबतीत डॉक्टरांच्या कागदावर त्याची नोंदच नव्हती. यात कुणाचा निष्काळजीपणा शोधण्याचे कारण नाही. गर्दीच्या ओपीडीत रुग्णाच्या वाट्याला चार-पाच मिनिटे येतात, आणि ‘कसं आहे?’ या प्रश्नाला ‘बरं आहे’ असेच उत्तर देण्याची आपल्याकडे रीत आहे. डॉक्टरांसमोर तक्रार केली तर औषध बंद करतील, ही धास्तीही असते. कागदावरचा प्रश्न नेमका असतो, तो प्रत्येकाला सारखाच विचारला जातो आणि उत्तर देताना कुणाला खूश ठेवायचे नसते.

या मोजमापाने महाराष्ट्रात काय साधले याचे भक्कम उदाहरण टाटा मेमोरियल सेंटरमध्ये झालेल्या ‘पार्सर’ या चाचणीचे आहे. डॉ. सुप्रिया चोप्रा यांच्या नेतृत्वाखालील या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी पिशवी काढल्यानंतर ज्यांना किरणोपचार द्यावे लागणार होते, अशा ३०० महिला तीत होत्या. निम्म्यांना नेहमीच्या पद्धतीने किरण दिले. उरलेल्यांना किरणांची तीव्रता जागोजागी कमी-जास्त करणारे आणि चित्रे पाहून नेम पक्का करणारे नवे तंत्र वापरले. कॅन्सर आटोक्यात ठेवण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. केवळ जगण्याचे दिवस मोजणारा इथेच थांबला असता आणि नव्या, महागड्या यंत्राची गरज नाही असे म्हणाला असता. पण या चाचणीचा मुख्य प्रश्नच वेगळा होता: उपचार संपल्यावर आतड्यांचे काय होते? तीन वर्षांत आतड्यांचा मध्यम किंवा तीव्र त्रास नव्या तंत्राच्या गटात २१.१ टक्के महिलांना झाला, तर जुन्या पद्धतीच्या गटात ४२.४ टक्के महिलांना. ही डॉक्टरांनी श्रेणी देऊन केलेली मोजणी. महिलांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीतही नव्या तंत्राच्या गटात जुलाब कमी, भूक चांगली आणि पोटाच्या तक्रारी कमी असेच उतरले. रुग्णाला आपल्याला कोणता उपचार मिळाला हे ठाऊक असेल तर उत्तरात त्याचा रंग मिसळू शकतो, ही शंका अशा चाचण्यांबाबत नेहमी घेतात. ती रास्त आहे. दोन वेगळ्या बाजूंनी आलेली साक्ष एकच गोष्ट सांगते, तेव्हा ती शंका बरीच निवते.

या आकड्यांचा अर्थ नगर जिल्ह्यातल्या एखाद्या बाईच्या दिवसात उतरवून पाहावा. खुरपणीला किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला दिवसातून पाच-सहा वेळा घाईने आडोसा शोधावा लागला, तर ती कामावर टिकत नाही. एसटीने तालुक्याला जायचे म्हटले की ती सकाळपासून उपाशी राहते. लग्नाकार्याला, सप्ताहाला जाणे सोडते आणि त्याचे कारणही कुणाला सांगत नाही. वैद्यकीय भाषेत हा ‘श्रेणी दोनचा’ त्रास, म्हणजे जिवाला धोका नसलेला. तिच्या लेखी मात्र रोजगार, माणसांत मिसळणे आणि अन्न या तिन्ही गोष्टी त्यात गेलेल्या असतात. कॅन्सर बरा झाला अशी नोंद असलेली ही बाई पुढे वीस-तीस वर्षे जगायची असते. तिच्या बाबतीत जीवनमान हा गौण निष्कर्ष कसा म्हणता येईल?

दुसरा आक्षेप रुग्णांच्या बाजूने येतो, आणि त्याला जास्त वजन आहे. मरणाच्या दारातल्या माणसाला जगायचे असते. त्याला जीवनमान विचारणे ही पोट भरलेल्यांची चैन आहे, आणि अशी मोजमापे उद्या गरिबाला स्वस्तातला उपचार देण्याची सबब होतील. या भीतीकडे दुर्लक्ष करू नये. पण टाटा हॉस्पिटलातच डॉ. विजय पाटील आणि सहकाऱ्यांनी केलेली एक चाचणी इथे आठवावी. तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर उलटलेले किंवा पसरलेले, शस्त्रक्रियेपलीकडे गेलेले ४२२ रुग्ण २०१६ ते २०२० या काळात तीत घेतले गेले. एका गटाला दर तीन आठवड्यांनी शिरेतून सिस्प्लॅटिन, दुसऱ्याला मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या, घरी घ्यायच्या. गोळ्यांच्या गटातील रुग्ण जगले त्या काळाचा मध्यक साडेसात महिने आला, सिस्प्लॅटिनच्या गटात ६.१ महिने. तीव्र दुष्परिणाम गोळ्यांच्या गटात १९ टक्के रुग्णांना, सिस्प्लॅटिनच्या गटात ३० टक्के रुग्णांना झाले. इथे स्वस्त उपचाराने आयुष्य कमी केले नाही आणि त्रासही कमी दिला. आयुष्य आणि जीवनमान एकमेकांच्या विरोधातच उभे असतात, हे गृहीतकच अनेकदा चुकीचे असते. शिवाय ज्याच्या हातात सहा-सात महिनेच आहेत, त्याने त्यातले किती दिवस परळच्या फुटपाथवर, धर्मशाळेत आणि सलाइनच्या खुर्चीत घालवायचे आणि किती आपल्या ओसरीवर, हा प्रश्न चैनीचा नाही. खरे जगणे-मरणे त्यातच आहे. दोन बाजूंची नीट मोजलेली माहिती समोर असेल तरच रुग्णाला आपली निवड करता येते. मोजलेच नाही, तर ती निवड दुसरा कुणीतरी त्याच्या वतीने करतो.

या पद्धतीची आणखी एक कसोटी आहे. हवे तेच उत्तर देणारे मोजमाप हे मोजमाप नव्हे. २०१० मध्ये बोस्टनच्या जेनिफर टेमेल यांनी फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रुग्णांवर चाचणी केली. सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारी उपशामक सेवा, जोडलेल्या रुग्णांचे जीवनमान उंचावले. इतकेच नाही, ते जगलेही जास्त: मध्यक ११.६ महिने, नेहमीच्या उपचारातील रुग्णांचा ८.९. जगभर या निष्कर्षाचे स्वागत झाले. टाटा हॉस्पिटलात डोके-मान भागाच्या कॅन्सरच्या १८० रुग्णांवर तशीच चाचणी झाली आणि २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष आले. इथे तीन महिन्यांनंतरच्या जीवनमानात दोन गटांत फरक आढळला नाही. उपशामक सेवेवर ज्यांची श्रद्धा आहे त्यांना हे उत्तर रुचणारे नव्हते. तरी ते प्रसिद्ध झाले, आणि म्हणूनच प्रश्नावली हे खरे मोजमाप आहे असे म्हणता येते. आजार वेगळा, रुग्ण वेगळे, नेहमीच्या उपचारात आधीपासून मिळणारी मदत वेगळी. बोस्टनचा निष्कर्ष उचलून मुंबईत किंवा राहुरीत चिकटवता येत नाही, इथे पुन्हा विचारावे लागते, हा त्यातला बोध मला फार महत्त्वाचा वाटतो. सेवा निरुपयोगी आहे असा त्याचा अर्थ मात्र कुणी काढू नये. एका चाचणीने एका स्वरूपाच्या सेवेबद्दल, एका कालावधीपुरते दिलेले ते उत्तर आहे.

माणूस दुःखालाही सरावतो, मग महिन्याभराने त्याने दिलेले ‘थोडे’ हे उत्तर आधीच्या ‘थोडे’शी कसे जोखायचे, असे अभ्यासकच विचारतात. एका माणसाच्या दोन उत्तरांपुरते हे खरे आहे. पण सोडतीने वाटलेल्या दोन्ही गटांतली माणसे सारखीच सरावतात, त्यामुळे गटांची तुलना त्याने फारशी बिघडत नाही. या आक्षेपावर यापेक्षा जास्त वेळ घालवण्याची गरज नाही.

खरी अडचण वेगळीच आहे: प्रश्न आपले आहेत का? निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. संतोष चतुर्वेदी यांनी १९९१ मध्ये भारतीय रुग्णांसाठी आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी काय महत्त्वाचे याचा शोध घेतला. मनःशांती, आध्यात्मिक समाधान, धर्मकृत्ये पार पडल्याचे समाधान, कुटुंबातले सुख या गोष्टी शारीरिक कार्यक्षमतेपेक्षा वर आल्या. युरोपात तयार झालेल्या प्रश्नावलीत जड पिशवी किंवा सुटकेस उचलण्याबद्दल विचारतात, छंदांबद्दल विचारतात. शेवगावच्या शेतकऱ्याला वैरणीचा भारा आणि वारी विचारली तर त्याचे खरे उत्तर मिळेल. या प्रश्नावल्यांची मराठी रूपे आहेत. ती करताना भाषांतर उलट फिरवून तपासतात, रुग्णांवर आजमावून पाहतात. पण भाषा शुद्ध असली म्हणून प्रश्न पोहोचतो असे नाही. ‘घास उतरत नाही’, ‘तोंड आलंय’, ‘गळून गेल्यासारखं होतं’ असे बोलणाऱ्या माणसाला त्याच्याच शब्दांत विचारले पाहिजे. पैशांच्या ओढाताणीचा प्रश्न तर इथे निराळाच अर्थ घेऊन येतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार झाले तरी प्रवास, मुक्काम, सोबत आलेल्याची बुडालेली मजुरी आणि त्यासाठी विकलेली गाय हा खर्च कुठल्या पॅकेजमध्ये बसत नाही.

त्याहून नाजूक बाब म्हणजे विचारतो कोण. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचा फॉर्म बहुधा मुलगा वाचून दाखवतो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या जोडप्रश्नावलीत योनीमार्गाचा कोरडेपणा आणि शरीरसंबंध यांबद्दलही प्रश्न आहेत. मुलासमोर, सासूसमोर ती काय सांगणार? ते रकाने कोरे राहतात किंवा ‘अजिबात नाही’वर खूण होते, आणि मग आकडे सांगतात की त्रासच नाही. अशिक्षित रुग्णांकडून भरवशाची उत्तरे मिळत नाहीत, असे म्हणून हा विषय बाजूला टाकणाऱ्यांनी याच जिल्ह्यातल्या जामखेडकडे पाहावे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून तिथे गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येक दलित समाजातल्या होत्या. घराघरांतल्या आरोग्याची खडान्खडा माहिती त्यांनी ठेवली आणि त्या कामाची दखल जगाने घेतली. शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा जो मोठा अभ्यास झाला आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ४९७ गावांमधल्या १,३१,७४६ महिला होत्या. एचपीव्ही विषाणूसाठी एकदाच केलेल्या चाचणीने त्या आजाराचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे त्यांच्यामुळे जगाला कळले. त्या अभ्यासात तुलनेच्या गटाला तपासणी न दिल्यावरून नैतिक वाद झाला, तोही विसरू नये. पण खेड्यातल्या बायका शास्त्राला भरवशाचे पुरावे देऊ शकत नाहीत, हे म्हणणे त्यानंतर टिकत नाही. विचारणारी बाई ओळखीच्या भाषेत बोलणारी हवी, खोलीत दोघीच हव्यात आणि घाई नको. एवढे झाले तर कमतरता रुग्णात नव्हती हे दिसून येईल.

आता कोऱ्या फॉर्मविषयी, कारण या शास्त्राचा सगळ्यात दुबळा सांधा तोच आहे. प्रश्नावली पहिल्या भेटीत जवळजवळ सगळे भरतात. तिसऱ्या, चौथ्या भेटीला संख्या गळते. जो फार अशक्त झाला, ज्याला मुंबईचा प्रवास झेपेना, ज्याचे पैसे संपले, तो येतच नाही. उरलेल्यांची सरासरी काढली तर जीवनमान सुधारल्यासारखे दिसते, कारण ज्यांचे बिघडले ते मोजणीतून बाहेर पडलेले असतात. नगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. पाथर्डी किंवा जामखेडहून परळ म्हणजे एसटीत अख्खा दिवस. अशा ठिकाणच्या रुग्णाचा फॉर्म कोरा राहणे हा योगायोग नसतो, ते अंतरच आकड्यांत उतरलेले असते. त्यावर उपाय आहेत. प्रश्नावली फोनवरून विचारता येते, गावातल्या आशाताईंना प्रशिक्षण देऊन घरी विचारता येते. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयात ईथन बाश यांनी ७६६ रुग्णांना आपले त्रास संगणकावर नियमित नोंदवायला सांगितले आणि त्रास वाढला की नर्सला सूचना जाईल अशी सोय केली. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार त्या रुग्णांच्या आयुष्याचा मध्यक ३१.२ महिने आला, नेहमीच्या पद्धतीतल्या रुग्णांचा २६. विचारणे आणि ऐकून हालचाल करणे हाच तिथे उपचार ठरला.

हे सारे चाचणी सुरू होण्याआधीच विचारता येते. भारतात २००९ पासून प्रत्येक चाचणीची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आगाऊ नोंद करणे सक्तीचे आहे. २०१९ च्या नियमांनुसार प्रत्येक चाचणीला नैतिक समितीची परवानगी लागते, आणि त्या समितीत किमान सात सदस्य, त्यांत एक सामान्य नागरिक, एक महिला आणि एक कायदेतज्ज्ञ असावा लागतो. समितीतले निम्मे लोक संस्थेबाहेरचे हवेत. लोणीसारख्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या गावी असा बाहेरचा सदस्य शिक्षक असेल, निवृत्त तलाठी असेल, बचतगट चालवणारी बाई असेल. वैद्यकीय बारकावे त्यांना कळलेच पाहिजेत असे नाही. पण प्रस्ताव समोर आला की त्यांनी विचारावे: रुग्णाचे जीवनमान मोजणार आहात का, आणि कितव्या आठवड्याला? मराठीत कोण विचारणार, आणि त्या वेळी खोलीत आणखी कोण असेल? जो भेटीला आला नाही त्याच्या घरी फोन कोण करणार, आणि त्या फोनचा खर्च अंदाजपत्रकात कुठे धरला आहे? ‘खूप दुखते’ असे उत्तर आले तर ते फाइलला लागण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोहोचेल, ही जबाबदारी कुणाच्या नावावर आहे? पुढची पाने अशा सदस्यांसाठी, नर्सेससाठी, आणि चाचणीच्या संमतीपत्रावर सही किंवा अंगठा करण्यापूर्वी हेच प्रश्न विचारण्याचा हक्क असलेल्या रुग्णांसाठी आहेत.